स्पीडोमीटर १०० दाखवतो आणि मोबाइल ९५. मग गाडीचा खरा वेग कोणता?

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या सपाट भागात कारसाठी वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. स्पीडोमीटरचा काटा बरोबर १०० वर ठेवून गाडी चालवली, तरी डॅशबोर्डवर लावलेला मोबाइल अनेकदा ९४-९५ चा आकडा दाखवतो. गाडी एकच, रस्ताही एकच, पण आकडे दोन. त्यामुळे काही जण मोबाइल चुकतोय असं समजतात. काही जण मीटर बिघडलाय म्हणून सर्व्हिस सेंटर गाठतात. आणि काही जण 'मीटर तसाही पाच जास्तच दाखवतो' असं म्हणत काटा ११० वर नेतात.

यातला तिसरा निष्कर्ष सगळ्यात महाग पडू शकतो. मीटर किती जास्त दाखवतो हे प्रत्येक गाडीत वेगळं असतं. टायर बदलले की ते आणखी बदलतं. म्हणूनच आपल्या गाडीचा मीटर नेमका किती पुढे किंवा मागे आहे, हे एकदा तपासून ठेवायला हवं. त्यासाठी खर्च येत नाही. हवा फक्त एक मोकळा रस्ता, एक मोबाइल आणि सोबत एक माणूस.

गाडीला स्वतःचा वेग कळतो कसा?

गाडी रस्त्याकडे बघून वेग मोजत नाही. ती चाकाचे फेरे मोजते.

जुन्या गाड्यांमध्ये गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक केबल असायची. केबलच्या टोकाला असलेलं चुंबक अॅल्युमिनियमच्या एका वाटीत फिरायचं. चुंबक जितकं जोरात फिरेल, तितकी ती वाटी ओढली जायची आणि तिला जोडलेला काटा पुढे सरकायचा. वाटीला मागे खेचायला एक बारीक स्प्रिंग असायची. या रचनेचं पेटंट जर्मनीतल्या ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये घेतलं होतं आणि पुढची अनेक दशकं हीच पद्धत जगभर चालली.

आताच्या कारमध्ये केबलची जागा सेन्सरने घेतली आहे. चाकाजवळचा किंवा गिअरबॉक्समधला सेन्सर प्रत्येक फेऱ्यामागे ठरावीक विद्युत ठोके पाठवतो. गाडीतला कॉम्प्युटर ते मोजून वेगाचा आकडा काढतो.

पद्धत जुनी असो वा नवी, एक गोष्ट दोन्हीकडे गृहीत धरलेली असते, ती म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते. १८५/६५ आर१५ या मापाच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर असतो. म्हणजे एका किलोमीटरमध्ये चाकाचे सुमारे ५१२ फेरे होतात. घेर बदलला, तर हा हिशोब चुकतो. मात्र टायर बदलल्याचं गाडीला आपोआप समजत नाही.

मीटर मुद्दाम जास्त का दाखवतो?

संयुक्त राष्ट्रांचा वाहनांविषयीचा नियम क्रमांक ३९ युरोपसह अनेक देशांत लागू आहे. त्यात दोन अटी आहेत. पहिली, मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवायचा नाही. दुसरी, जास्त दाखवला तरी तो खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किलोमीटर एवढ्याच फरकापर्यंत चालेल.

म्हणजे गाडीचा खरा वेग ८० असेल, तर मीटर ८० ते ९२ यांपैकी काहीही दाखवू शकतो. खरा वेग १०० असेल, तर ११४ पर्यंतचा आकडा नियमात बसतो. पण १०० ला ९९ दाखवणं बसत नाही.

गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यावर टायर किती झिजेल, हवा किती असेल, हे कंपनीला माहीत नसतं. कोणत्याही परिस्थितीत आकडा खाली जाऊ नये म्हणून मीटर आधीच थोडा वर लावून ठेवला जातो. भारतात विकल्या जाणाऱ्या कारमध्येही साधारण हाच कल दिसतो. त्यामुळे ८०-१०० च्या वेगाला मीटर ३ ते ७ ने जास्त दाखवत असेल, तर तो बिघाड नाही.

लक्षात ठेवण्यासारखी आणखी एक बाब म्हणजे, वेगाचा आकडा असा फुगवलेला असला तरी अनेक गाड्यांमध्ये किलोमीटर मोजणारा ओडोमीटर बऱ्यापैकी अचूक असतो. दोघांचे हिशोब वेगळे ठेवलेले असतात. मात्र टायरचा घेर बदलला, तर दोन्ही आकडे बदलतात.

टायर बदलल्यावर नेमकं काय होतं?

१८५/६५ आर१५ हेच माप मूळ धरू. यातला १८५ हा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. यावरून टायरचा पूर्ण व्यास साधारण ६२१.५ मिलिमीटर येतो. त्याच्याशी इतर मापांची तुलना अशी होते:

• १९५/६५ आर१५: व्यास सुमारे २.१ टक्के मोठा
• २०५/६५ आर१५: सुमारे ४.२ टक्के मोठा
• २०५/६५ आर१६: सुमारे ८.३ टक्के मोठा
• १९५/५५ आर१६: जवळपास तेवढाच, फरक ०.१ टक्का

शेवटचं माप नीट पाहा. रिम एका इंचाने मोठी आहे, पण टायरची भिंत बुटकी आहे. त्यामुळे पूर्ण व्यास तोच राहतो आणि मीटरवर परिणाम होत नाही. म्हणजे 'मोठी अलॉय व्हील टाकली की मीटर चुकतो' हे सरसकट खरं नाही. महत्त्वाचा असतो तो टायरसकट चाकाचा पूर्ण व्यास.

आता हिशोब पाहा. समजा, मूळ टायरवर मीटर १०० दाखवत असताना खरा वेग ९५ होता. व्यास ४.२ टक्क्यांनी वाढला, तर मीटरवरच्या त्याच १०० ला खरा वेग ९९ होतो. व्यास ८.३ टक्क्यांनी वाढला, तर तो १०३ च्या जवळ जातो. चालकाला काटा १०० वरच दिसतो, पण गाडीने मर्यादा ओलांडलेली असते.

परिणाम फक्त चलानपुरता नाही. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ९५ वरून १०३ झाला, तर ब्रेकला जवळपास साडेसतरा टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते. भारतात जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये ८० च्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारा इशारा सक्तीचा आहे. हा इशाराही गाडीने स्वतः मोजलेल्या वेगावरच अवलंबून असतो. चाक मोठं झालं की तोही उशिरा वाजतो.

झिजलेल्या टायरचं उलट होतं. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात आणि १.६ मिलिमीटरवर टायर बदलायचा असतो. एवढ्या झिजेने १५ इंची चाकाचा व्यास सुमारे २ टक्के घटतो. चाक जास्त फेरे घेतं आणि मीटर आणखी थोडा जास्त वेग दाखवतो. हवा कमी असेल तरी परिणाम याच दिशेने होतो, पण तो खूप कमी असतो.

घरच्या घरी कसं तपासायचं?

तपासण्याआधी टायरमध्ये दरवाजाजवळच्या स्टिकरवर दिलेल्या प्रमाणात हवा भरा. रस्ता सरळ, सपाट आणि रिकामा निवडा. वेगमर्यादेच्या आतच राहा. आकडे वाचण्याचं काम सोबतच्या माणसाकडे द्या. चालकाने मोबाइल हातात घ्यायचा नाही.

१. मोबाइलचं जीपीएस: वेग दाखवणारं कोणतंही अॅप किंवा नकाशाचं अॅप सुरू करा. मीटरवर ४०, ६० आणि ८० असे तीन वेग प्रत्येकी किमान अर्धा मिनिट स्थिर ठेवा. क्रूझ कंट्रोल असेल तर उत्तम. जीपीएसचा आकडा स्थिरावला की तो लिहून घ्या. वेग वाढत किंवा कमी होत असताना जीपीएस थोडं मागे राहतं, त्यामुळे तेव्हाची तुलना उपयोगाची नाही. बोगद्यात, घाटात आणि उंच इमारतींच्या गर्दीतही ही चाचणी करू नका.

२. किलोमीटरचे दगड आणि स्टॉपवॉच: ही जुनी पद्धत आजही चालते. महामार्गावर एका दगडापासून पाचव्या किलोमीटरच्या दगडापर्यंत वेग स्थिर ठेवा आणि लागलेले सेकंद मोजा. १८,००० ला त्या सेकंदांनी भागलं की खरा वेग मिळतो. उदाहरणार्थ, मीटरवर ८० ठेवून ५ किलोमीटरला ३ मिनिटं ५७ सेकंद, म्हणजे २३७ सेकंद लागले, तर खरा वेग सुमारे ७६ आहे. एकाच किलोमीटरवर मोजलं तरी चालतं, पण तिथे स्टॉपवॉच दाबताना एका सेकंदाची गडबड झाली तर आकडा २ टक्क्यांनी चुकतो. पाच किलोमीटरवर तीच गडबड अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी राहते. दगड कधीकधी हललेले असतात, म्हणून ही चाचणी दोनदा करा.

३. ओबीडी स्कॅनर: स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारं हे छोटं उपकरण गाडीच्या कॉम्प्युटरला मिळालेला वेग मोबाइलवर दाखवतं. तो बऱ्याचदा काट्यापेक्षा कमी असतो, कारण काट्यासाठी वाढवलेला भाग त्यात नसतो. पण तोही चाकाच्या फेऱ्यांवरूनच काढलेला असतो. टायर चुकीच्या मापाचा असेल, तर हा आकडाही चुकीचाच येणार. म्हणून जीपीएसला पर्याय म्हणून तो वापरू नये.

कोणता फरक दुरुस्त करायचा आणि कोणता सोडून द्यायचा?

मीटर थोडा जास्त दाखवतो: काहीही करू नका. फक्त फरक किती आहे, ते लक्षात ठेवा.

मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतो: हे लगेच दुरुस्त करायला हवं. आधी टायरवर लिहिलेलं माप दरवाजाजवळच्या स्टिकरशी किंवा गाडीच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहा. माप वेगळं असेल, तर कंपनीने सुचवलेल्या मापाकडे परत जाणं हाच सगळ्यात सरळ उपाय आहे. काही मॉडेल्समध्ये अधिकृत सर्व्हिस सेंटरवर टायरचं नवं माप गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरता येतं. पण ते माप कंपनीने मान्य केलेल्यांपैकी असावं लागतं.

फरक खूप मोठा आहे: खरा वेग ८० असताना मीटर ९२ च्याही पुढे जात असेल, तर गाडी दाखवून घ्या.

काटा थरथरतो, अडकतो किंवा अचानक शून्यावर येतो: हा मापाचा प्रश्न नसून बिघाड आहे. जुन्या गाडीत केबल सुकलेली किंवा तुटायला आलेली असते. केबल बदलणं हे छोटं काम आहे. नव्या गाडीत सेन्सर, त्याची वायर किंवा कनेक्टर तपासावा लागतो. त्याच वेळी एबीएसचा दिवाही लागला असेल, तर चाकाच्या सेन्सरवर पहिला संशय घ्यावा. अशी गाडी चालवत राहू नका, कारण इथे प्रश्न ब्रेकच्या यंत्रणेचाही असतो.

सेन्सरचे ठोके कमी-जास्त करणारी छोटी उपकरणं बाजारात मिळतात. ती बसवल्यावर काटा बरोबर दिसेल, पण ओडोमीटर, एबीएस आणि वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी योग्य मापाचा टायर हाच सुरक्षित मार्ग आहे.

'मीटरच चुकीचा होता' असं सांगून चलान टळेल का?

कॅमेरा आणि रडार गाडीचा प्रत्यक्ष वेग मोजतात. डॅशबोर्डवर काय दिसत होतं, याच्याशी त्यांचा संबंध नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार हलक्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडली, तर १,००० ते २,००० रुपये दंड होऊ शकतो. मध्यम आणि अवजड प्रवासी किंवा मालवाहू वाहनांसाठी हा दंड २,००० ते ४,००० रुपये आहे. पुन्हा गुन्हा केल्यास लायसन्स जप्त होण्याची तरतूदही आहे. गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी वाहनमालकाचीच असते.

जुन्या टायरवर 'आपला मीटर पाच जास्त दाखवतो' हे बरोबर असेलही, पण नवे टायर बसवले की ते पाच किलोमीटर दोन होतात, कधी शून्य होतात. म्हणून टायर बदलल्यावर चाचणी पुन्हा करा. जुनी गाडी विकत घेतल्यावरही करा. आणि काटा मर्यादेच्या आत ठेवूनच गाडी चालवा. मीटरमधला तो जास्तीचा फरक झीज आणि छोट्या चुका सामावून घेण्यासाठी ठेवलेला आहे, वेग वाढवण्यासाठी नाही.