कांद्याच्या उत्पादन खर्चाची पाहणी

कांदा हे महाराष्ट्रातील एक प्रमुख नगदी पीक होय. धाराशिव जिल्ह्यात पावसाचा भरवसा थोडा. तरीही विहिरीला चार महिने पाणी पुरेल अशी आशा वाटली की शेतकरी थोड्याफार क्षेत्रावर कांदा घेतोच. या जिल्ह्यातील बराच माल सोलापूरच्या बाजारात जातो. भाव चढला तर कांदा घर सावरतो, आणि पडला तर बाजारापर्यंतचे गाडीभाडेही निघत नाही. मात्र भाव पडला की नेमका किती तोटा झाला, याचे उत्तर फारच थोड्या शेतकऱ्यांजवळ असते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये जिल्ह्याच्या सीमेलगत असलेल्या बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोलापूर बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. गाडीभाडे, हमाली, तोलाई इत्यादींपोटी पाचशे नऊ रुपयांहून अधिक रक्कम वजा झाली आणि शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. या पट्टीची चर्चा सर्वत्र झाली. परंतु ध्यानी घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. त्या पट्टीवर फक्त विक्रीचा खर्च लिहिलेला होता. बी, खत, लागवड, खुरपणी, पाणी व काढणी यांपैकी एकही बाब बाजाराच्या पट्टीवर कधीच येत नाही. ती कोठे लिहावयाची असेल तर शेतकऱ्याच्या वहीत, आणि वही नसेल तर पाहणी करणाऱ्याच्या तक्त्यात. म्हणूनच ही पाहणी काळजीपूर्वक झाली पाहिजे.

पूर्वीचा अनुभव

शेतीच्या जमाखर्चाची शास्त्रशुद्ध पाहणी आपल्याकडे नवी नाही. तत्कालीन मुंबई राज्यातील नाशिक व अहमदनगर (आता अहिल्यानगर) या जिल्ह्यांत १९५४-५५ पासून तीन वर्षे असा अभ्यास झाला. त्यात दोन पद्धती शेजारी शेजारी वापरल्या गेल्या. एका पद्धतीत कार्यकर्ता गावातच राहून रोजच्या रोज नोंद करी. दुसरीत शेतकऱ्याला विचारून, त्याच्या आठवणीवरून माहिती लिहून घेतली जाई. पुढे १९७०-७१ पासून प्रमुख पिकांच्या लागवड खर्चाचा अभ्यास करण्याची देशव्यापी योजना सुरू झाली. या कामातून एक धडा स्पष्ट झाला, तो असा की, रोख दिलेला पैसा माणसाच्या लक्षात राहतो, घरचे श्रम व घरचा माल मात्र विसरला जातो.

न दिलेला खर्च

यास्तव खर्चाचे दोन भाग करावेत. पहिला भाग रोख खर्चाचा : विकत घेतलेले बी किंवा रोपे, नांगरट व रोटाव्हेटरचे भाडे, रासायनिक खते, औषधे, मजुरी, बारदान. दुसरा भाग घरच्या खर्चाचा : कुटुंबातील माणसांचे श्रम, घरचे बी, घरचे शेणखत, स्वतःच्या बैलांची कामे, स्वतःच्या जमिनीचा खंड, आणि विहीर, पंप, ठिबक संच व कांदाचाळ यांचा घसारा. घरच्या वस्तूची किंमत त्या वेळी गावात जो दर चालू असेल त्या दराने धरावी. घरच्या माणसाचा दिवस त्याच कामाच्या गावातील मजुरीने मोजावा.

याने काय फरक पडतो, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत कळावी म्हणून घेतले आहेत. समजा, एका एकरात ८० क्विंटल कांदा निघाला व रोख खर्च ६०,००० रुपये झाला. क्विंटलला खर्च ७५० रुपये. आता घरच्या माणसांचे ४० दिवस, दररोज ३०० रुपयांप्रमाणे १२,००० रुपये. घरचे ४ किलो बी, १,००० रुपये किलो दराने ४,००० रुपये. आणि घरच्या शेणखताच्या चार ट्रॉल्यांचे ८,००० रुपये मिळवले, तर एकूण खर्च ८४,००० होतो आणि क्विंटलचा खर्च १,०५० रुपयांवर जातो. हाच कांदा चाळीत ठेवला व वजनातील घट, सड आणि मोड यांमुळे पाचवा हिस्सा गेला, तर विक्रीला ६४ क्विंटलच उरतो. मग क्विंटलचा खर्च सुमारे १,३१३ रुपये पडतो. जमिनीचा खंड, घसारा व विक्रीचा खर्च अद्याप निराळाच आहे. ज्या शेतकऱ्याच्या मनात ७५० चा आकडा आहे, तो ९०० रुपये भाव मिळाला की आपल्याला नफा झाला असे समजतो. प्रत्यक्षात त्याने घरच्या माणसांची मजुरी बाजारात फुकट दिलेली असते.

माहिती विचारण्याची रीत

पाहणीसाठी शेतकरी निवडताना रस्त्यालगतचे व ओळखीचेच निवडू नयेत. लहान, मध्यम व मोठे असे सर्व खातेदार त्यात यावेत. विहिरीवरचा कांदा, कूपनलिकेवरचा कांदा व कालव्यावरचा कांदा यांची नोंद वेगळी असावी. खरीप, रांगडा व उन्हाळी या तीन हंगामांचे आकडे एकत्र मिसळू नयेत. रोपे लावून घेतलेल्या कांद्यात लागवडीची मजुरी अधिक असते, तर बी पेरून घेतलेल्या कांद्यात विरळणी व खुरपणीचा भार वाढतो. म्हणून लागवडीची पद्धतही नोंदवावी.

ज्यांचे पीक हातचे गेले त्यांना पाहणीतून वगळणे ही मोठी चूक होय. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम व परंडा तालुक्यांत अतिवृष्टीने व पुराने उभी पिके गेली. अशा वर्षी केवळ वाचलेल्या शेतांचेच आकडे घेतले, तर कांद्याचे पीक आहे त्याहून अधिक किफायतशीर दिसेल. ज्याने रोपवाटिका दोनदा टाकली किंवा उभ्या पिकात नांगर घातला, त्याचाही खर्च खर्चच आहे.

मापांविषयी दक्ष असावे. शेतकरी एकर व गुंठ्यांत बोलतो, सातबारा हेक्टर व आरमध्ये असतो. ४० गुंठ्यांचा एक एकर आणि सुमारे अडीच एकरांचा एक हेक्टर, हे ध्यानात ठेवून तक्ता एकाच मापात भरावा. ‘दोन गोण्या खत टाकले’ एवढ्यावर थांबू नये. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे, डीएपीची ५० किलोची. कांद्याची गोणी तर जागोजागी निराळ्या वजनाची भरते; म्हणून गोण्यांच्या संख्येवरून उत्पादन न काढता पट्टीवरील वजन पाहावे. गोल्टी, जोडकांदा व डेंगळे आलेला माल वेगळ्या भावाने जातो. त्याचे वजन व भाव स्वतंत्र लिहावेत. घरी खाण्यासाठी ठेवलेला व सोयऱ्याधायऱ्यांना दिलेला कांदाही उत्पन्नातच धरावा.

विक्रीचा खर्च पट्टीवरून उतरून घ्यावा. फळे व भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असा बदल राज्यात २०१६ साली झाला. तेव्हा पट्टीवर कोणती रक्कम कोणत्या नावाने वजा झाली आहे, हे शेतकऱ्यासमवेत बसून वाचावे. त्यात पाहणीही होते आणि शेतकऱ्याचे हितही साधते.

प्रश्न चावडीवर चार लोकांसमोर विचारू नयेत. तेथे कोणी खर्च फुगवून सांगतो, कोणी कर्ज लपवतो. शक्यतो बांधावर बसावे व माहिती कशासाठी हवी ते प्रथम सांगावे. घरातील स्त्रियांना अवश्य विचारावे. लागवड, खुरपणी, पात कापणे व प्रतवारी ही कामे बहुतांशी त्यांच्याच हातून होतात. किती बाया किती दिवस होत्या, हे त्यांना कारभाऱ्यांपेक्षा अधिक अचूक आठवते. हंगाम संपल्यावर एकदाच जाण्यापेक्षा लागवड, खुरपणी, काढणी व विक्री अशा चार वेळी गेल्यास आठवणीवर विसंबावे लागत नाही.

हिशेबाचा उपयोग

कांद्याला किमान आधारभूत किंमत नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. त्यानंतर राहिलेले निर्यात शुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. असे निर्णय होतात तेव्हा शेतकऱ्याची बाजू मांडण्यास खरे आकडेच उपयोगी पडतात. २०२३ साली राज्याने लाल कांद्याला क्विंटलला ३५० रुपयांप्रमाणे, २०० क्विंटलच्या मर्यादेत अनुदान दिले. त्यासाठीही विक्रीची पट्टी व सातबारावरील कांद्याची नोंद लागली. ज्याने पट्टी जपली नाही किंवा पीक पाहणीची नोंद केली नाही, त्याला अडचण आली.

परंतु सर्वात मोठा उपयोग शेतकऱ्याच्या स्वतःच्या घरी आहे. आपला कांदा कोणत्या भावाला परवडतो हे ज्याला ठाऊक आहे, तो चाळ भरावी की काढणीबरोबर विकावे, पुढच्या वर्षी क्षेत्र वाढवावे की अर्ध्यावर हरभरा घ्यावा, हे विचारपूर्वक ठरवू शकतो. यासाठी एक साधी वही पुरेशी आहे. डाव्या पानावर तारीख, काम, माणसे व रक्कम. उजव्या पानावर विकलेले वजन, भाव, कपात व हाती आलेली रक्कम. घरचे कोणी राबले तर तेही त्याच दिवशी डाव्या पानावर लिहावे. घरातील शाळेत जाणारे मूलही हे काम करू शकेल.

गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने या हंगामात निदान पाच शेतकऱ्यांच्या घरी अशी वही सुरू करून द्यावी. पुढील पाहणीच्या वेळी आठवणीचा नव्हे, लिहिलेला हिशेब समोर येईल; आणि तो हिशेब पाहून शेतकरी आपल्या घरच्या श्रमांचे मोलही मागू लागेल.