वाढत्या मुलांचे गुडघे

घरांत मूल पडलें, गुडघा सुजला, कीं आपल्याकडे पहिलें बोलावणें आजीच्या हळदीला आणि दुसरें तेलाच्या वाटीला असतें. पुष्कळ वेळां तेवढ्यानें काम भागतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जो गुडघा आंतून तुटला आहे तो लेपानें सांधत नाहीं, हें आमच्या घरीं आम्हांस जरा उशिराच कळलें.

आमची पुतणी बारा वर्षांची. खोखोच्या खेळांत मोठी तरबेज. एका सामन्यांत खांबाजवळ वेगानें वळतांना तिच्या गुडघ्यांत 'खट्' असा आवाज झाला. तिला कोणी ढकललें नव्हतें, कीं ती कोणावर आदळली नव्हती. तासा-दोन तासांत गुडघा टम्म फुगला. वहिनींनीं लेप घातला, दहा-बारा दिवसांत सूज ओसरली, मुलगी चालूं लागली आणि आम्ही सर्व निश्चिंत झालों. तीन महिन्यांनीं जिना उतरतांना तोच गुडघा तिला दगा देऊं लागला, तेव्हां कोठें आम्ही अस्थितज्ज्ञांकडे गेलों.

त्यांनीं समजावून सांगितलें तें असें. गुडघ्याच्या मध्यभागीं दोन अस्थिबंध एकमेकांस फुलीसारखे छेदून जातात. त्यांपैकीं पुढचा नडगीच्या हाडास पुढें सरकूं देत नाहीं आणि वळतांना सांधा स्थिर राखतो. उडी मारून खालीं येतांना किंवा धांवतां धांवतां दिशा बदलतांना तो पुष्कळदां कोणाचा धक्का न लागतांच तुटतो. आवाज, कांहीं तासांतच चढणारी सूज आणि पुढें गुडघा निसटल्यासारखा वाटणें, या त्याच्या ठळक खुणा होत. कांहीं मुलांत अस्थिबंध शाबूत राहतो, पण तो ज्या कोवळ्या हाडास चिकटलेला असतो त्याचा तुकडाच उखडून निघतो. म्हणून अशा वेळीं क्ष-किरण चित्र व गरजेप्रमाणें एम. आर. आय. तपासणी करून घेणें अगत्याचें आहे.

परंतु मुलांच्या बाबतींत खरी अडचण निराळीच आहे. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानें १७२७ सालच्या आपल्या ग्रंथांत एक प्रयोग नमूद केला आहे. त्यानें कोंबडीच्या पिलाच्या पायाच्या हाडास अर्ध्या इंचाच्या अंतरावर दोन भोंकें पाडलीं. दोन महिन्यांनीं हाड चांगलें लांब झालें होतें, पण भोंकांमधील अंतर तेवढेंच राहिलें होतें! हाड मध्यें ताणून वाढत नाहीं. तें टोंकांजवळ वाढतें. तेथें कूर्चेचा पातळ थर असतो, त्यांतून नवें हाड तयार होतें. पायाच्या एकूण लांबीची सुमारें दोन-तृतीयांश वाढ गुडघ्याच्या वरच्या व खालच्या अशा दोन थरांतच होते. सामान्यतः मुलींत चौदाव्या व मुलांत सोळाव्या वर्षाच्या सुमारास हे थर मिटतात.

मोठ्या माणसाचा अस्थिबंध नव्यानें बसवितांना दोन्ही हाडांस भोंकें पाडून त्यांतून रोग्याचाच एखादा स्नायुबंध ओंवतात. मुलांत हीं भोंकें वाढीच्या थरांतून जातात. तेथें चूक झाली तर पाय आंखूड किंवा वांकडा होण्याचें भय. यास्तव पूर्वीं वाढ पुरी होईपर्यंत थांबा, असाच सल्ला बहुधा मिळे. पण थांबण्यालाही किंमत पडते. गुडघा वारंवार निसटला कीं सांध्यांतील चंद्रकोरीसारख्या गाद्या फाटतात, आणि त्यांची झीज भरून येणें कठीण.

आमच्या घरींही हाच वाद माजला. मातोश्री म्हणाल्या, "पोरीच्या जातीला चाकू लावूं नका, खेळ सोडला म्हणजे झालें." थोरले बंधू म्हणाले, चार वर्षें थांबूं. पण तपासणींत एक गादी फाटलेली निघाली आणि वाद मिटला. आमचे तीन महिने फुकट गेले नसते, तर ती कदाचित् शाबूत असती, ही टोंचणी मात्र राहिली.

प्रत्येक मुलावर शस्त्रक्रिया करावीच लागते असें नाहीं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें जमविलेल्या तज्ज्ञांनीं २०१८ सालच्या निवेदनांत व्यायामोपचाराचा मार्गही सांगितला आहे. मात्र दुरुस्त होण्याजोगी गादी फाटली असेल तर शस्त्रक्रियेकडे कल असावा, असें त्यांचें मत. हल्लीं हाताच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचें वय ठरवितात. वाढ पुष्कळ उरली असेल तर थर टाळून अस्थिबंध बसवितात. थोडी उरली असेल तर लहान, सरळ भोंकें पाडून त्यांत केवळ मऊ स्नायुबंध ठेवतात.

शस्त्रक्रिया ही निम्मी लढाई. उरलेली लढाई व्यायामाची. निदान नऊ महिने, बहुधा वर्षभर. घाईनें मैदानावर परतलेल्या मुलांचा गुडघा पुन्हां तुटण्याचा धोका मोठा असतो. दोन्ही पायांची लांबी वाढ संपेपर्यंत मोजावी लागते, तें निराळेंच. मौज अशी कीं, ज्या मातोश्रींनीं खेळ सोडावयास सांगितलें होतें, त्याच सकाळीं जपमाळ बाजूला ठेवून नातीच्या व्यायामाचीं आवर्तनें मोजतात!

वयांत येणाऱ्या मुलींना ही इजा मुलांहून अधिक होते. पण मुलींना मैदानापासून दूर ठेवणें हा कांहीं उपाय नव्हे. खेळापूर्वीं पंधरा-वीस मिनिटें एका पायावर तोल सांभाळणें, गुडघे वांकवून अलगद उतरणें, गुडघा आंत कलूं न देतां वळणें, असे व्यायाम नियमानें केल्यास ही इजा जवळजवळ निम्म्यानें कमी होते, असें अनेक पाहण्यांत आढळलें आहे. पालकांनीं शाळेकडे एवढा आग्रह अवश्य धरावा. आणि गुडघ्यांत आवाज होऊन तो त्याच दिवशीं सुजला, तर तेलाची वाटी फडताळांत ठेवून आधीं डॉक्टरांकडे जावें.