एकटेपणावर गावातलाच उपाय : आठवड्यातून एकदा मिळून गाणं शिका

पोरं मुंबई-पुण्याला आणि घरी म्हातारा-म्हातारी दोघंच, नाहीतर एकटं कुणीतरी. गोळ्या आहेत, मोबाईल आहे, पण दिवसभर बोलायला माणूस नाही. आज बऱ्याच घरांत हेच चित्र आहे. त्यावर मिळून गाण्याचा चांगला उपयोग होतो.

परळ-लालबागचं बघा. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकण, सातारा, कोल्हापूरकडचे गडी बायका-पोरं गावी ठेवून तिथे राहायचे. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपायचे. चाळीतलं भजनी मंडळ हा त्यांचा मोठा आधार होता. बुवा ओळ सांगणार, बाकीचे मागून घेणार. ज्याला वाचता येत नाही त्याचेही अभंग पाठ व्हायचे. १८ जानेवारी १९८२ पासून संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि कितीतरी जण गावाला परतले. आज ते सत्तरी-ऐंशीत आहेत. चाली त्यांना येतात, शिकून घेणारं कुणी नाही.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला याचा अभ्यास झाला. ज्येष्ठांच्या १२ केंद्रांवरचे ३९० जण त्यात होते. सहा महिने दर आठवड्याला गायन झालं. निकाल २०१८ मध्ये आला. गाणाऱ्यांचा एकटेपणा कमी झाला, जगण्यातली गोडी वाढली. स्मरणशक्ती आणि अंगातली ताकद यांत मात्र खास फरक पडला नाही. तेव्हा भजन सुरू केलं म्हणून बीपी-शुगरची गोळी बंद करायची नाही.

फायदा कशामुळे होतो? गाताना श्वास लांबवावा लागतो. ताल धरायला शेजारच्याकडे कान द्यावा लागतो. आणि एखादा आला नाही, तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या दारात जाऊन विचारतं. हे सगळ्यात मोठं.

सुरू कसं करायचं?

- वार-वेळ पक्की ठेवा. अंधार पडायच्या आत संपवा, वाटेत कुणी पडायला नको.
- पायऱ्या चढवत नसतील तर देवळाऐवजी ओसरीवर किंवा शाळेत बसा. गुडघे दुखणाऱ्याला खुर्ची द्या.
- बायकांनाही बोलवा. कमी ऐकू येणाऱ्याला पुढे बसवा.
- पट्टी खालची धरा. धाप लागली तर थांबा.
- दर आठवड्याला एक नवी चाल घ्या. नुसतं जुनं म्हणू नका, शिका.

पोरांनी एक काम करावं. आजोबांची चाल मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवावी. आमच्या देवळातला पखवाज खुंटीला आहे. तुमच्या गावचा कुठे आहे, आज बघून या.