पदवीपूर्व परिषद : जाताना प्रश्न, येताना वाटा

बी.ए.एम.एस.च्या अंतिम वर्षाचा विद्यार्थी आंतरवासितेच्या उंबरठ्यावर असतो, तेव्हा त्याच्या हाती एखाद्या नेतृत्व शिबिराचे वा विद्यार्थी परिषदेचे निमंत्रणपत्र पडते. साडेचार वर्षांचे अध्ययन संपत आलेले, एक वर्षाची आंतरवासिता पुढे आणि त्यानंतर स्वतःच्या नावाची पाटी! अशा वेळी तीन-चार दिवस आणि काही हजार रुपये खर्चून परिषदेस जावे काय, असे तो आपल्या परिचयातील वैद्यांना विचारतो. सोलापूर जिल्ह्यातील खेड्यांतून आलेल्या विद्यार्थ्याच्या घरी हा खर्च लहान नसतो. म्हणून 'अवश्य जा' असे सांगून मोकळे होणे आपणांस शोभत नाही. परिषदेचे प्रयोजन काय आणि ती सफल कशाने होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शास्त्रातील स्थान

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात ज्ञानप्राप्तीचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. म्हणजे समविद्य व्यक्तींशी चर्चा हा ग्रंथवाचनाच्या पंक्तीतील उपाय आहे. त्याचे लाभही आचार्यांनी मोजून दिले आहेत. वाक्शक्ती वाढते, पूर्वी ऐकलेल्या विषयातील संशय फिटतो, न ऐकलेले कानी पडते. शिवाय, जो गूढ अर्थ आचार्य प्रसन्न झाल्यावर शिष्याला क्रमाक्रमाने सांगतात, तो चर्चेच्या भरात सहज बाहेर येतो, हे सूक्ष्म निरीक्षणही तेथे आहे. अनुभवी वैद्यांजवळ बसून परिषदेत दोन दिवस घालवणाऱ्या विद्यार्थ्याला याची प्रचीती आल्यावाचून राहत नाही.

पहिला प्रतिनिधी

नेतृत्व हा शब्द आज फार स्वस्त झाला आहे. व्यासपीठ, ध्वनिक्षेपक आणि छायाचित्र एवढाच त्याचा अर्थ विद्यार्थ्यांच्या मनावर ठसतो. तो दुरुस्त करण्यास सूत्रस्थानाचा पहिला अध्याय पुरेसा आहे. रोगांनी प्रजा पीडित झाली, म्हणून ऋषी हिमालयाच्या पार्श्वभागी एकत्र आले. इंद्राकडे कोणी जावे, हा प्रश्न निघताच 'या कार्यी माझी योजना व्हावी' असे भरद्वाज प्रथम म्हणाले. ते गेले, हेतू-लिंग-औषधरूप त्रिसूत्र आयुर्वेद शिकले आणि परत येऊन त्यांनी तो ऋषींना सांगितला. स्वतःचे काही अधिक घातले नाही, काही राखूनही ठेवले नाही. नेतृत्वाची तीन अंगे येथे स्पष्ट होतात : लोकांच्या पीडेतून निघालेला प्रश्न, स्वतःहून पुढे होणे आणि मिळवलेले पूर्णपणे वाटून देणे.

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे चरित्र याच वाटेचे आहे. पदव्युत्तर अध्ययनाचे बेत बाजूस सारून ते १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकासह युद्धग्रस्त चीनमध्ये गेले आणि रुग्णसेवा करीत असताना ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले.

आमचा प्रमाद

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात नियमित येणाऱ्या एका अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला आम्ही अशाच एका परिषदेस पाठविले. भाडे आम्हीच दिले. परतल्यावर स्थानिक वैद्यांच्या बैठकीत 'काय पाहिलेस ते पाच मिनिटांत सांग' असे म्हटले. त्याच्याजवळ पिशवी होती, प्रमाणपत्र होते, औषधांचे नमुने होते; पण सांगण्यासारखे काही नव्हते. तो खाली मान घालून उभा राहिला. दोष त्याचा नव्हता. प्रश्न न देता त्याला पाठविणारे आम्हीच होतो.

तेव्हापासून आम्ही तीन नियम पाळतो.

जाण्यापूर्वी : विद्यार्थ्याने आपल्याच परिसरातील एक प्रश्न लिहून न्यावा. तासन्‌तास वाकून विड्या वळणाऱ्या स्त्रियांची मान व कंबर, यंत्रमागावरील कामगाराचा कास, पंढरपूरच्या वारीत चालून आलेल्या वृद्धाचे पाय; असे विषय येथे पावलोपावली आहेत. निदान दहा रुग्णांच्या नोंदी सोबत असाव्यात.

सभेत : चरकाचार्यांनी सभेचे ज्ञानवती आणि मूढ असे दोन प्रकार सांगून प्रत्येकीचे सुहृत्, उदासीन व प्रतिनिविष्ट असे भेद केले आहेत. प्रतिनिविष्ट, म्हणजे आधीच विरोधात बसलेल्या सभेत वाद करूच नये, असा त्यांचा आदेश आहे. विद्यार्थ्याने मित्रभावाची संधाय संभाषाच स्वीकारावी. निःशंकपणे विचारावे, पराजयाच्या भीतीने डगमगू नये, दुसऱ्याला निरुत्तर केल्याचा आनंद मानू नये.

परतल्यावर : आठ दिवसांच्या आत ऐकलेले सहाध्यायींना सांगावे आणि आंतरवासितेत त्या प्रश्नावर एक लहान काम हाती घ्यावे. वस्तीतील एखादे तपासणी शिबिरही पुरेसे आहे.

औषधनिर्मात्यांस विनंती

परिषदांचा मोठा भार औषधनिर्माते उचलतात, याबद्दल कृतज्ञता आहेच. परंतु नमुन्यांच्या पिशवीने विद्यार्थी काही दिवस बांधला जातो. ज्ञानाने तो आयुष्यभर जोडला जातो. आयुर्वेदीय औषधांच्या उत्तम निर्मितीचे निकष सांगणारे परिशिष्ट 'टी' २००० साली अधिसूचित झाले. त्यानुसार कच्च्या द्रव्याची ओळख कशी पटवतात, प्रत्येक घाण्याची नोंद कशी ठेवतात, हे आपल्या रसशाळेत एक दिवस दाखविल्यास तो विद्यार्थी परिषदेत अधिक जाणतेपणाने बोलेल आणि पुढे द्रव्य पारखून घेणारा वैद्य होईल.

वारसा

या महाराष्ट्राला परिषदांची परंपरा नवी नाही. वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने १९०७ साली नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला गेला. डिसेंबर २०२२ मध्ये नववी जागतिक आयुर्वेद परिषद गोव्यात, म्हणजे आपल्या शेजारीच, भरली. संधी वाढल्या आहेत. सिद्धता वाढविणे आपल्या हाती आहे.

सुश्रुताचार्यांनी विशिखानुप्रवेशासाठी, म्हणजे व्यवसायात पाऊल टाकण्यासाठी, ग्रंथाध्ययन, अर्थज्ञान, कर्मदर्शन व कर्माभ्यास यांबरोबरच शास्त्र सांगता येणे ही योग्यता मानली आहे. ती पदवीनंतर आपोआप येत नाही. म्हणून वैद्यबंधूंना आमची एवढीच प्रार्थना आहे, की आपल्या मासिक बैठकीतील पंधरा मिनिटे परिषदेहून परतलेल्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावीत. आपल्यासमोर त्याला बोलावयाचे आहे, हे ठाऊक असेल तर तो तेथे ऐकेलही वेगळ्या कानाने.