पायाच्या जोरावर : फियाटच्या ब्रेकचा सत्तर वर्षांचा मागोवा

संगमनेर सोडून पुण्याकडे निघालं की चंदनापुरीचा घाट लागतो. चौपदरी रस्ता झाल्यापासून या घाटाचा धाक बराच कमी झाला. पण रस्ता अरुंद होता तेव्हा पुढे कांद्याचा ट्रक, मागे एसटी आणि मध्ये सहा माणसं कोंबलेली फियाट अशी वरात उतरायची. तेव्हा ब्रेकच्या पेडलमागे ड्रायव्हरच्या पायाशिवाय दुसरी कसलीही ताकद नव्हती. उताराला गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता टप्प्याटप्प्याने मारायचा, हे ड्रायव्हिंग शिकवणाराच सांगायचा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारे महाभागही होते. इंजिन बंद असलं तरी पेडल तेवढंच दाबावं लागायचं, हीच त्या ब्रेकची खासियत.

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लायमाउथ अशा गाड्या जोडल्या जात. पुढे फियाटशी करार झाला आणि 1954 पासून फियाट 1100 रस्त्यावर आली. लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणून टाकलं. 1964 मध्ये डिलाइट आली, 1970 च्या दशकात प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी. नावं बदलली, पण 1089 सीसीचं इंजिन आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक ही मांडणी जवळजवळ तशीच राहिली.

1954 साली या ब्रेकमध्ये मागास असं काही नव्हतं. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक अमेरिकेच्या ड्यूसेनबर्गने 1921 मध्ये दिले होते, तर फोर्डसारखी बलाढ्य कंपनी 1938 पर्यंत सळ्या आणि केबलवरच गाड्या थांबवत होती. पायाचा जोर वाढवणारा, इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर 1920 च्या दशकाअखेरीस निघाला, पण बराच काळ तो मोठ्या, महागड्या गाड्यांपुरताच होता. छोट्या फियाटला त्याची गरजही नव्हती. ड्रममधला पुढचा ब्रेक शू चाकाच्या फिरण्यामुळे आपसूक जास्त आवळला जातो, त्यामुळे पायाला तेवढाच आधार मिळतो.

मात्र लांब उतारावर हा ड्रम दगा देतो. तापला की तो फुगतो, लायनरपासून लांब सरकतो आणि पेडल खाली जातं. त्यात ब्रेक ऑइल जुनं, पाणी शोषलेलं असेल तर ते उकळून पाइपात वाफ धरते. पेडल मग पंपासारखं मारत राहावं लागतं. घाटाच्या पायथ्याशी गाड्या बाजूला लावून चाकं थंड करण्याची रीत यातूनच पडली.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि गिऱ्हाइकाची अपेक्षा बदलली. हलक्या स्टिअरिंगची, हलक्या पेडलची सवय लागलेल्या पायाला पद्मिनीचा ब्रेक ‘लागतच नाही’ असं वाटू लागलं. गॅरेजांनी त्यावर तोडगा काढला : दुसऱ्या गाडीचा बूस्टर, त्याच गाडीचा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराचा ऑइलमध्ये दाब करणारा) आणि जमलं तर पुढे डिस्क ब्रेक. बॉनेटखाली पत्रा कापायचा, भोकं पाडायची, ब्रॅकेट वेल्ड करायचं. काम चांगलं झालं तर गाडी खरोखरच सुखाने थांबायची. 2000 च्या सुमारास पद्मिनीचं उत्पादन थांबलं, कंपनीचे भाग दुर्मिळ झाले आणि हा जुगाड आणखी पसरला.

गेल्या काही वर्षांत वारं उलटं फिरलं आहे. जुनी फियाट मूळ रूपात हवी, असं म्हणणारे मालक वाढले आणि बूस्टर काढण्याची कामं गॅरेजात येऊ लागली. इथे पहिली चूक ठरलेली : बूस्टरचा गोल डबा काढायचा आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं.

ते का चालत नाही, हे साध्या गणितात कळतं. बूस्टर नसलेल्या गाडीत पेडलची तरफ साधारण सहापट जोर देते, बूस्टर असलेल्या गाडीत चारपट. पायाने 30 किलोचा दाब दिला, तरफ सहापट असली आणि मास्टर सिलिंडरचा बोअर पाऊण इंची असला, तर पाइपात चौरस सेंटिमीटरला सुमारे 63 किलो दाब तयार होतो. तरफ चारपट आणि बोअर सात-अष्टमांश इंची असला, तर त्याच पायातून जेमतेम 31 किलो. म्हणजे दाब निम्म्यावर. त्यातून पुढे डिस्क असेल तर ड्रमसारखं आपसूक आवळणंही नाही. पेडल दगडासारखं घट्ट लागतं आणि गाडी पुढे जातच राहते. म्हणून परत जायचं तर पेडलची तरफ, मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, शू आणि ड्रम अशी सगळी साखळीच मूळ मापाची लागते.

ही साखळी जमवायला संगमनेरहून पुण्याची नाना पेठ किंवा जुना बाजार, नाहीतर थेट कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठावा लागतो. तिथेही पारख हवी. कंपनीच्या न फोडलेल्या खोक्यातला मास्टर सिलिंडर म्हणजे घबाड, पण त्याच खोक्यातली रबरी बकेट तीस वर्षांत कडक झालेली असते. धातू जुना चालतो, रबर ताजंच लागतं. होज पाइप आणि ब्रेक ऑइलही नवंच. मूळपणाच्या हट्टापायी जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे लायनर शोधण्यातही अर्थ नाही, त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. व्हील सिलिंडर आतून गंजला असेल तर लेथवर स्लीव्ह मारून मूळ माप परत आणता येतं.

शेवटी हवा काढायची. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. एक जण पेडलवर, दुसरा चाकाखाली. ‘मार, मार... धर!’ असा पुकारा झाला की निपल सैल होतो आणि बाटलीतल्या नळीतून बुडबुडे येतात. ते थांबेपर्यंत हेच चालतं. शू नीट सेट झाले नसतील तर पहिल्याच ब्रेकला गाडी एका बाजूला खेचते.

कायद्यानेही या हौसेत रस घेतला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांत मनमानी बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा बजावलं. 2021 च्या केंद्रीय नियमांनी 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे बदल झालेली गाडी त्यात बसत नाही.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिन्यांपैकी सुरुवातीच्या गाड्या मात्र आता कुठे पन्नाशी ओलांडत आहेत. त्यामुळे बूस्टर बसवून घेणारी पिढी आणि तो काढून घेणारी पिढी एकाच गाडीची कागदपत्रं हाताळताना दिसते. कापलेला पत्रा पुन्हा भरून काढण्याचा खर्च दुसरीच्या वाट्याला येतो.