कॉफीचा पुडा घेताना

बेळगाव-निपाणीकडच्या मराठी घरांत कॉफीच्या दोन रीती गुण्यागोविंदाने नांदतात. एक आपली परंपरागत : दुधात साखर व कॉफीची पूड घालून उकळी आणावयाची आणि वरून जायफळ-वेलदोड्याची पूड भुरभुरावयाची. दुसरी कानडी शेजाराकडून आलेली : फिल्टरमध्ये पूड हलकेच दाबून वर उकळते पाणी ओतावयाचे आणि थेंबाथेंबाने झिरपलेला दाट अर्क कढत दुधात मिसळावयाचा.

सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी मक्केच्या यात्रेहून परतताना येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. आज भारतातील सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकातच पिकते. कोडगू, चिकमगळूर व हासन हे तिचे मुख्य जिल्हे. तेथे दोन जाती होतात. उंचावर सावलीत वाढणारी अरेबिका सुगंधी व सौम्य असते. रोबस्टा कडवट व दाट असून तिच्यात कॅफीनचे प्रमाण जवळजवळ दुप्पट असते.

तथापि पुड्यात केवळ कॉफी असते असे नाही. चिकोरी नावाच्या वनस्पतीचे मूळ भाजून, दळून तीत मिसळतात. त्याने रंग गडद होतो, अर्काला दाटपणा येतो. कॅफीन मात्र त्यात नसते. हे मिश्रण म्हणजे भेसळ नव्हे. कायद्याने त्यात निदान ५१ टक्के कॉफी हवी आणि चिकोरीचे प्रमाण वेष्टनावर छापले पाहिजे. झटपट विरघळणाऱ्या कॉफीच्या मिश्रणालाही हाच नियम आहे. चिकोरी कॉफीहून स्वस्त असल्याने, प्रमाण न वाचता घेतलेल्या पुड्यात जवळजवळ निम्मे पैसे मुळापायी खर्ची पडू शकतात.

सुटी पूड घेतल्यास एक सोपी परीक्षा करावी. पेलाभर थंड पाण्यावर चिमूटभर पूड टाकावी. कॉफीचे कण बराच वेळ तरंगतात. चिकोरीचे कण तपकिरी रेघा सोडीत लवकर तळाशी जातात.

उकळलेल्या कॉफीचा मूळचा सुगंध बराचसा वाफेबरोबर निघून जातो व जायफळ ती उणीव भरून काढते. म्हणून तिला महागडी अरेबिका लागत नाही. फिल्टरसाठी मात्र ताजी दळलेली, कमी चिकोरीची पूड थोडी थोडी आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. दोन्ही रीती घरात असतील, तर पुडेही दोन असावेत. गृहिणीचा खर्च त्याने वाढण्याऐवजी मार्गी लागेल.