मेस्विज, डिमाइझ आणि पनवेलची जमीन

पनवेलमध्ये जमिनीचा किंवा फ्लॅटचा इंग्रजी दस्त हातात पडला की पहिली दोन पानं 'व्हेअरअ‍ॅज' आणि 'अँड व्हेअरअ‍ॅज' यांतच संपतात. मग मधोमध, ठळक अक्षरांत एक ओळ येते: 'नाऊ धिस इंडेंचर विटनेसेथ'. घरातला इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगा इथं अडखळतो. विटनेस त्याला ठाऊक असतो, पण त्याला लागलेलं 'एथ' हे शेपूट त्यानं कुठल्याच पुस्तकात पाहिलेलं नसतं. वकील सांगतात, ''ते तसंच असतं, पुढं वाचा.'' पुढं मेस्विज, हेरेडिटामेंट, अ‍ॅपर्टेनन्स, डिमाइझ अशी रांग लागलेली असते. लंडनच्या रस्त्यावर कुणी हे शब्द उच्चारले तर लोक वळून बघतील. पनवेलच्या रजिस्ट्रार ऑफिसात मात्र ते रोज शिक्का मारून घेतात.

या शब्दांना इथं इतकं काम मिळालं त्याला कारण आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि पनवेल, उरण, ठाणे या पट्ट्यातल्या गावांच्या भातशेतीवर नवं शहर आखलं गेलं. संपादन, मोबदला, जमीन गेलेल्यांना मिळालेले साडेबारा टक्क्यांचे भूखंड, त्यांची विक्री, बिल्डरशी करार, मग फ्लॅट, मग सोसायटी अशी एकेका शेताच्या तुकड्यावर कागदांची चळत चढत गेली. १८५२ साली नगरपालिका मिळालेलं हे गाव १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झालं. पुढं विमानतळ आला, भाव वर गेले आणि कागद आणखी वाढले. 'टायटल क्लियर आहे का', 'सर्च काढला का', 'बहिणींच्या सह्या झाल्या का' ही वाक्यं इथं चहाच्या टपरीवरही ऐकू येतात.

आता त्या ठळक ओळीकडे वळू. इंडेंचर म्हणजे दातेरी कागद. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एकाच कातड्यावर करार दोनदा लिहीत आणि मधून नागमोडी कापून दोघांना एकेक भाग देत. पुढं वाद झाला की दोन्ही तुकडे जुळवून बघायचे. दात दाताला बसला तर कागद खरा. लॅटिनमधल्या दाताच्या शब्दावरूनच हे नाव पडलं. एकट्यानं करून दिलेला कागद सरळ कापत, त्याला 'डीड पोल' म्हणत. इंग्लंडच्या १८४५च्या कायद्यानं दातेरी कापण्याची गरजच काढून टाकली. पनवेलच्या स्टँप पेपरच्या कडा तर पहिल्यापासून सरळच आहेत. नाव मात्र इंडेंचरच राहिलं.

'विटनेसेथ' म्हणजे 'हा दस्त साक्ष देतो'. क्रियापदाला 'एथ' लावायची रीत बोलण्यातून सतराव्या शतकातच मावळली. १६११च्या इंग्रजी बायबलनं तिला धर्मग्रंथाचं वजन दिलं आणि वकिलांनी ती जपली. 'दीज प्रेझेंट्स' हा तिचाच भाऊबंद. कुलमुखत्यारपत्राच्या सुरुवातीला 'नो ऑल मेन बाय दीज प्रेझेंट्स' असं येतं, त्यात भेटवस्तूंचा काही संबंध नाही. 'हा समोर असलेला लेख' असा त्याचा अर्थ, मूळ लॅटिन वाक्याचा शब्दशः केलेला तर्जुमा. पनवेल पट्ट्यात एकेकाळी केवळ अशा कुलमुखत्यारपत्रांवर जमिनी हातोहात फिरत. त्यानं मालकी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लँप खटल्यात बजावलं.

इंग्रजी दस्तात एकाच गोष्टीला तीन-तीन शब्द का, याचं उत्तर १०६६ सालात आहे. नॉर्मन राजा इंग्लंडवर आला, दरबाराची भाषा फ्रेंच झाली, नोंदी लॅटिनमध्ये राहिल्या आणि प्रजा इंग्रजी बोलत राहिली. कुणाला काय कळेल याचा भरवसा नसल्यानं लेखनिकांनी जोड्या लावल्या. 'विल' इंग्रजी, 'टेस्टामेंट' लॅटिन. 'गुड्स' इंग्रजी, 'चॅटल्स' फ्रेंच. लोकांना फ्रेंच समजत नाही म्हणून न्यायालयात इंग्रजी बोलावी, असा कायदा १३६२ साली झाला, आणि गंमत म्हणजे तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिला गेला.

लांबणीमागं पोटापाण्याचाही प्रश्न होता. लेखनिकाला पानांवर पैसे मिळत. १५९६ साली मिलवर्ड विरुद्ध वेल्डन या दाव्यात वादीच्या मुलानं १६ पानांत मावणारं उत्तर १२० पानांवर नेलं. चॅन्सरी न्यायालयानं हुकूम दिला, की त्या चळतीला मधोमध भोक पाडावं, त्यातून या गृहस्थाचं डोकं बाहेर काढावं आणि त्याला वेस्टमिन्स्टर हॉलमधून फिरवावं. इतकी अद्दल घडूनही पुढच्या शतकांत दस्त काही आखूड झाले नाहीत.

मेस्विज हा या रांगेतला सगळ्यात विक्षिप्त मोहरा. त्याचा अर्थ राहतं घर, त्याला लागून असलेली बांधकामं आणि भोवतालची जागा. आपल्याकडे घर, पडवी, गोठा, परसू, विहीर मिळून जे होतं ते. अभ्यासकांचा अंदाज असा, की मूळ फ्रेंच शब्द 'मेस्नाज', म्हणजे घरसंसार. हस्तलिखितात 'एन' आणि 'यू' सारखेच दिसत, कुणीतरी एकाचं दुसरं वाचलं आणि ती वाचनातली चूक कायद्याचा शब्द होऊन बसली. हेरेडिटामेंट म्हणजे वारसानं पुढं जाऊ शकेल अशी कुठलीही मिळकत. टेनमेंट म्हणजे धारण केलेली मिळकत. मुंबईत मात्र त्याचा अर्थ चाळीतली खोली एवढाच उरला.

अशी माळ गुंफण्यात मराठी खरेदीखतही मागं नाही. 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' यांची नावं झाली, चतुःसीमा झाल्या, की जमीन 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह दरोबस्त' दिली जाते. कानाला भरदार वाटतं, पण कायद्याशी ताडून पाहिलं तर निम्मी माळ गळते. निधी म्हणजे पुरलेलं धन. १८७८च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचं असं धन सापडलं, तर आधी कलेक्टरला कळवावं लागतं. पाषाणाचं तर पनवेलकरांना सांगायलाच नको. तालुक्यातल्या खदानींचे वाद त्यांनी पुष्कळ पाहिलेत. १९६६च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे खनिजांवर हक्क राज्याचा, त्यामुळे स्वतःच्या वावरातला दगड विकायला काढायचा तरी गौण खनिजाचा परवाना आणि स्वामित्वधन चुकत नाही.

इंग्रजी माळेला तर कायद्यानं केव्हाच सुट्टी दिली आहे. इंग्लंडमध्ये १८८१च्या कन्व्हेयन्सिंग कायद्यानं सांगितलं, की वाटा, पाणी, कुंपणं, सोयी-हक्क हे सगळं न लिहिताही जमिनीबरोबर जातं. पुढच्याच वर्षी भारतात मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आला. त्याच्या कलम ८ चं सांगणंही तेच: वेगळं काही ठरलं नसेल, तर देणाऱ्याचा सगळा हक्क आणि मिळकतीचे सगळे अनुषंग घेणाऱ्याकडे जातात. याच कायद्यात विक्रीची व्याख्या एका वाक्यात आहे. कायदा असा साधा असताना दस्त बोजड का? वकील मंडळींचं उत्तर ठरलेलं आहे. मोघा किंवा डिसूझा यांच्या नमुन्यांच्या पुस्तकांतला मसुदा न्यायालयात टिकलेला असतो. त्यातला शब्द काढला आणि उद्या वाद झाला तर जबाबदारी कोण घेणार? त्यापेक्षा मागच्या दस्तातून उचललेलं बरं. संगणक आल्यापासून तर नावं, क्षेत्रफळ आणि सर्व्हे नंबर बदलला की नवा दस्त तयार होतो.

हे सगळं शोभेचं झालं. पण त्याच रांगेत काही जुने शब्द अजून राबतात, आणि ते न कळण्याची किंमत मोजावी लागते.

डिमाइझ हा त्यातला पहिला. वर्तमानपत्रात तो मृत्यूसाठी येतो. सिडकोच्या भाडेपट्ट्यात 'डिमाइझ्ड लँड' म्हणजे पट्ट्यानं दिलेली जमीन. मूळ अर्थ हातचं सोडून देणं, दुसऱ्याकडे सोपवणं. राजा गेला की राजपद पुढच्याकडे जाई, त्याला डिमाइझ म्हणत. त्यावरून मरणाचा अर्थ नंतर चिकटला. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे इथं फ्लॅट घेणारा 'आपण मालक झालो' असं म्हणतो, पण सिडकोची जमीन सर्वसाधारणपणे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली. फ्लॅट विकताना सिडकोचं ना-हरकत पत्र आणि हस्तांतरण शुल्क का लागतं, याचं उत्तर त्या एका शब्दात असतं. साडेबारा टक्क्यांचा भूखंड विकताना सिडको, मूळ भूखंडधारक आणि नवा घेणारा यांच्यात जी 'ट्रायपार्टी' होते, तिच्याही मुळाशी हाच पट्टा.

दुसरा शब्द कोपार्सनर. सरकारी मराठीत सहदायक, गावात नुसतं हिश्श्याला असलेला. याची कथा सगळ्यांत चमत्कारिक आहे. जुन्या इंग्लंडात जमीन थोरल्या मुलाला जाई. मुलगा नसेल तर ती सगळ्या मुलींना मिळून जाई, आणि अशा सहवारस बहिणींना पार्सनर किंवा कोपार्सनर म्हणत. म्हणजे शब्द प्रामुख्यानं लेकींचा. इंग्रजांना हिंदू कायदा समजून घ्यायचा होता. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेतल्या दायविभागाचा कोलब्रुकनं केलेला अनुवाद १८१० साली छापून आला. एकत्र कुटुंबात जन्मानंच हक्क मिळणाऱ्या पुरुषांसाठी इंग्रजी न्यायालयांत हाच शब्द रूढ झाला. इंग्लंडात बहिणींसाठी वापरला जाणारा शब्द हिंदुस्थानात बहिणींना वगळणारा ठरला.

तो लेकींकडे परत यायला बराच काळ लागला. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रानं मुलींना सहदायक केलं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना बाहेर ठेवून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीनं लग्नाची अट राहिली नाही. हा हक्क जन्मानं आहे, त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात दिला. पनवेलच्या गावांत याचा परिणाम ढळढळीत दिसतो. गुंठ्याला भाव नव्हता तोवर भाऊबीजेच्या ओवाळणीत भागत असे. आता 'ताई, फक्त एक सही' असं म्हणत आलेल्या भावाला 'आधी कागद वाचून दाखव' असं ऐकावं लागतं. हक्कसोडपत्र नोंदवलेलं नसेल तर स्थावर मिळकतीत ते कामाचं नसतं, हेही आता घरोघरी ठाऊक झालंय.

तिसरा शब्द डीम्ड. सोसायटीच्या सभेत 'डीम्ड कन्व्हेयन्स' हे शब्द सेक्रेटरीपासून वॉचमनपर्यंत सगळे सहज बोलतात. त्याचं सरकारी मराठी रूप 'मानीव अभिहस्तांतरण' मात्र अर्जावरच राहतं. फ्लॅटधारकांसाठीच्या १९६३च्या मोफा कायद्याखालच्या नियमांप्रमाणे सोसायटी स्थापन झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरनं जमिनीचं कन्व्हेयन्स करून द्यायचं असतं. ते होत नाही म्हणून २००८च्या दुरुस्तीनं वाट काढली. बिल्डर आला नाही तरी सक्षम प्राधिकारी प्रमाणपत्र देतो आणि सोसायटीच्या हक्कात हस्तांतरण झालं असं मानलं जातं. डीम हे जुन्या इंग्रजीतलं निवाडा देण्याचं क्रियापद. आयल ऑफ मॅन बेटावरच्या न्यायाधीशाला आजही डीमस्टर म्हणतात. 'डूम' त्याच मुळाचा, अर्थ निवाडा. विल्यम राजानं १०८६ साली इंग्लंडच्या जमिनींची जी मोजदाद लिहून घेतली, तिचं नाव डूम्सडे बुक. त्या देशाचा तो जणू पहिला सातबाराच. त्यातल्या नोंदीवर अपील नाही, म्हणून लोकांनी तिला निवाड्याच्या दिवसाचं नाव दिलं.

देवाणघेवाण एकतर्फी झाली नाही. १९४८च्या कूळकायद्याच्या इंग्रजी पाठात 'वरकस' हा शब्द व्याख्येसह आहे: भातशेतीसाठी राब भाजायला लागणारी जमीन. तिला इंग्रजी शब्द कुठून आणणार? इंग्लंडच्या शेतकऱ्यानं राब कधी भाजलाच नाही. 'खार' आणि 'गावठाण' हेही असेच इंग्रजी कागदांत जाऊन बसले.

इंग्लंडनं आपलं घर बरंचसं झाडून काढलं. एप्रिल १९९९ पासून तिथल्या दिवाणी न्यायालयांत 'प्लेंटिफ' जाऊन 'क्लेमंट' आला. पनवेलच्या दिवाणी कोर्टात प्लेंटिफ ठाण मांडून आहे. इथं सोपेपणा आला तो वेगळ्या दारानं. १९०८च्या नोंदणी कायद्याच्या कलम ५५ मध्ये चार सूची सांगितल्या आहेत. त्यातली दुसरी मिळकतींची, तिला सगळे 'इंडेक्स टू' म्हणतात. साठ पानी इंग्रजी दस्ताचं सार तिच्यात मराठीत येतं: विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, करून देणारा, करून घेणारा. बँकेचा माणूसही आधी तीच मागतो. तिच्यात एक रकाना 'आकारणी किंवा जुडी' असा असतो. जुडी म्हणजे इनामदारानं सरकारला द्यायचा सवलतीचा सारा. खासगी इनामं रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५२चा. त्यानंतर वसलेल्या खारघरमधल्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटची नोंद झाली, तरी त्याच्या इंडेक्स टू मध्ये जुडीचा रकाना छापून येतो.